सिंधूबाईंची दुसरी खुर्ची

तुमसरला राइस मिलच्या मागच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा मिलमध्ये हमाल. माय पुढच्या खोलीत बसून बिड्या वळायची. सकाळी बाबा अंगावर कोंड्याची धूळ घ्यायला जायचे आणि माय मांडीवर जर्द्याचं सूप घ्यायची. मी शाळेत गेले की माझ्या कपड्यांना तंबाखूचा वास यायचा, पोरी नाक धरायच्या. पुढे कॉलेजात गेले तरी वास तोच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, म्हणून मी तो वास घेऊन पहिल्या बाकावर बसायची.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांचं आतडं उतरलं. पोत्यांनी. जांघेत लिंबाएवढी गाठ आली, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. फडक्याची पट्टी करून पॅंटच्या आतून करकचून बांधायचे आणि पोती वाहायचे. एक दिवस ट्रकच्या फळीवरच बसले ते उठलेच नाहीत. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, साधं आहे. मग बाबा खोकले. डॉक्टरांनी तो खोकला पूर्ण ऐकून घेतला, बराच वेळ चालला तो, आणि विचारलं, "बिडी किती?"

"मोजली नाही जी कधी."

"मग आता मोजायचीच नाही. दीड महिना एकही नाही. असल्या खोकल्यात टाके टिकत नाहीत. बिडी बंद झाली की या."

बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पोट कापा, पण बिडीचं नका बोलू."

वॉर्डातले लोक हसले. आम्ही हसलो नाही. ऑपरेशन नाही तर काम नाही. घर एकट्या मायच्या बोटांवर आलं होतं, आणि मी कॉलेज सोडून एखाद्या दुकानात लागते, असं मायला सांगूनही टाकलं होतं.

बाबांनी स्वतःच्या जोरावर दोनदा सोडून पाहिली. पहिल्यांदा एक दिवस. दुसऱ्यांदा दुपारपर्यंत. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अवं, सिंधू सिस्टरकडे ने ना त्याले. कानात सुया टोचते ते. माह्या भावाची सुटली."

सिंधूबाई सेलोकर म्हणजे चिखला गावाच्या बाजूला खाणीतल्या मजुरांच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स राहिलेली बाई. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, या नागपूरला अॅक्युपंक्चर शिकायला गेल्या. साठीच्या वयात परीक्षा दिली, सर्टिफिकेट भिंतीवर लावलं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज मात्र वरच्या पट्टीतला. पांढरी साडी सुटली होती, पण नर्सचं घड्याळ सुटलं नव्हतं. ते उलटं घड्याळ त्या फुलाफुलांच्या साडीच्या पदरावर पिनेने अडकवत आणि हनुवटी छातीला लावून वेळ बघत.

त्यांच्या पुढच्या खोलीत एकच मोठी लाकडी हाताची खुर्ची होती. रोग्याने तीत बसायचं. त्यांचा पहिला नियम, रोगी एकटा यायचा नाही, घरचं कोणीतरी सोबत पाहिजे. दुसरा नियम, त्या घरच्याने तोंड उघडायचं नाही. कोणाची बायको "सांगा ना बाई यायले, पोरांकडे तरी पाहा म्हणा" असं सुरू झाली की सिंधूबाई दाराकडे बोट दाखवत. "उपदेश चपलेपाशी ठेवून ये, माय. जाताना घेऊन जा. इथं सुईले जागा आहे, उपदेशाले नाही."

बाबांसोबत मीच गेले होते. बाबा छाती काढून म्हणाले, "मी आकड्यानं पोतं ओढणारा माणूस, मले सुईचं काय भेव?" सिंधूबाईंनी त्यांच्यासमोर पाकीट फाडलं. सुया केसासारख्या बारीक. पहिली सुई कानाजवळ आली आणि आकडावाल्या माझ्या बाबांनी डोळे मिटून "आई गं" केलं. अजून टोचलीही नव्हती.

"अजून लागली नाही, सदाशिवभाऊ. आई गं मागाहून म्हणा."

एकेका कानात पाच. टोचताना त्या मोठ्याने मोजत आणि काढतानाही मोजत. "पाच गेल्या. पाच गेल्या." आणि अर्ध्या तासाने, "पाच आल्या. पाच आल्या." सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत जात, दुसऱ्याला कधी त्याच नाहीत. दवाखान्यात बाळंतपणाला कापसाचे बोळे मोजायची सवय ती. एकदा एका कानातून चारच आल्या, तर त्यांनी त्या माणसाला हलू दिलं नाही, विजेरी लावून फरशीवर गुडघे टेकून शोधली. सुई त्याच्या कॉलरला अडकली होती. सापडल्यावरच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आता जा. आता मले जेवण जाईल."

त्या कधी 'व्यसन' म्हणायच्या नाहीत. 'सोबत' म्हणायच्या. "चाळीस वर्षांची सोबत होय ते. सुटली का माणूस चिडते, रडते, भांडते. तुम्हाले वाटते नाटक करून राहिला. नाटक नाही, सुतक आहे ते." त्यांना हे ठाऊक होतं, कारण त्या स्वतः खर्रा खात होत्या. नर्स असून, रोग्यांना तंबाखू सोडा सांगून, औषधाच्या कपाटामागे जाऊन. हे त्या कोणालाही सांगत, आवाज खाली न करता. "नागपूरले शिकायले गेली, तर मास्तरनं पहिली सुई मलेच टोचली. मी शिकली नंतर, सुटली आधी."

आणि हाताचं काम. अर्धा तास सुया घेऊन बसायचं तेव्हा हात मोकळे नकोत. दिवाळीनंतर तलावांचे शिंगाडे बाजारात आले की त्या उकडलेले शिंगाडे परातीत ठेवत आणि रोग्याला सोलायला लावत. शिंगाड्याला शिंगं असतात, दोन्ही हात लागतात, लक्ष लागतं. शिंगाडे संपले की भुईमुगाच्या शेंगा. तुमसरमधल्या कितीतरी बिडीबहाद्दरांनी त्या खोलीत बसून त्यांच्या घरचे शिंगाडे सोलले असतील. बाबा पहिल्या दिवशी चार सोलून झोपी गेले. कानात दहा सुया आणि घोरणं असं की रस्त्यावरचा माणूस डोकावून गेला.

"सुयांनी बिडी सुटन का, बाई?" जाताना मी विचारलं.

"नाही."

मी चप्पल घालता घालता थांबले.

"सुई बिडी सोडवत नाही, पोरी. सुई माणसाले अर्धा तास शांत बसवते. कोणाले बम फायदा होते, कोणाले काहीच नाही. मोठे डॉक्टरही याच्यावर भांडतात. ज्याले तलफ आली, त्याचा अर्धा तास मी काढून देतो. बाकीचे साडेतेवीस तास त्याचे आहेत."

असं खरं बोलणारी बाई धंदा कसा करणार, असं मला वाटलं होतं. पण लोक येत. एकदा एक पुढारी आला. त्याला वाढदिवसानिमित्त शिबिर घ्यायचं होतं. सिंधूबाईंनी होकार दिला, कारण खेड्यातले लोक येतील. शिबिराच्या सकाळी मंडपात पोहोचल्या तर हा मोठा बॅनर, 'एका सुईत बिडी कायमची बंद', आणि शेजारी त्यांचा फोटो. मी पाहायला गेले होते. बाईंनी पर्समधून पट्ट्या कापायची कात्री काढली, स्टुलावर चढल्या आणि बॅनरच्या दोऱ्या कापल्या. पुढारी धावत आला.

"काहून फाडून राहिल्या, बाई? तुमचीच तर जाहिरात होती ना!"

"खोटी होती."

"लोकाले थोडं वाढवून सांगा लागते, बाई."

"मग तुम्ही भाषणात सांगा. माह्या फोटोखाली नका लिहू."

बॅनर त्यांनी घडी करून एका म्हाताऱ्याला देऊन टाकला, धान झाकायला. आणि मग बसून संध्याकाळपर्यंत सुया टोचल्या, पाच गेल्या, पाच आल्या. पुढाऱ्याने परत बोलावलं नाही. त्यांनी वाटही पाहिली नाही.

आता बाबांचं. आठवड्यातून तीनदा आम्ही जायचो. बाबांनी पहिले सहा दिवस खरंच बिडी ओढली नाही. चिडले, ताट सरकवलं, माझ्यावर ओरडले, पण ओढली नाही. सातव्या दिवशी ओढली. सिंधूबाई म्हणाल्या, "होते. पुन्हा पहिला दिवस." पुन्हा पाच-सहा दिवस नीट, पुन्हा सातव्या दिवशी धूर. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्या हनुवटी छातीला लावून घड्याळाकडे बघत बसल्या, जसं काही त्यात वार दिसणार होता.

"सदाशिवभाऊ, दर शुक्रवारी कोण देते तुम्हाले बिडी?"

"मिलचा कोणी तरी देते जी."

"मिल तर तुमची बंद आहे."

बाबा शिंगाडा सोलत राहिले.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सिंधूबाई न सांगता आमच्या घरी आल्या. माय दर शुक्रवारी वळलेला माल ठेकेदाराकडे द्यायला जायची, ती नुकतीच परतली होती. माल तिथे मोजून तपासून घेत. वाकडी, सैल, तोंड नीट न मिटलेली बिडी बाजूला काढत, तिला आम्ही छाट म्हणायचो. छाटेची मजुरी मिळत नसे. आमचा ठेकेदार छाट परत देऊन टाकायचा आणि माय ती पदरात बांधून घरी आणायची. ती कोनाड्यातल्या डब्यात पडायची. बाबांनी जन्मभर बिडी विकत घेतलीच नव्हती. मायच्या हातून चुकलेली प्रत्येक बिडी बाबांच्या छातीत गेली होती. हे मी लहानपणापासून रोज पाहत होते आणि मला कधी काही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी बिडी बंद सांगितल्यावरही आम्ही तिघांपैकी कोणी त्या डब्याकडे बोट दाखवलं नाही.

सिंधूबाईंनी डबा उघडला. "ह्या कोणासाठी, कौतिकाबाई?"

माय गोंधळली. "कोणासाठी नाही, बाई. छाट होय."

"मग घरी कायले आणता?"

"टाकून द्याच्या? जर्दा लागला, पान लागलं, माहे हात लागले." माय खरंच दुखावली होती. "वळलेली वस्तू कोणी टाकते का?"

आमच्या घरात शिळा भात टाकत नसत, फाटलेलं पातळ टाकत नसत. त्या हिशेबाने छाटही टाकायची नव्हती. माय नवऱ्याचा जीव घेत नव्हती, ती वाया जाणं थांबवत होती. सिंधूबाई समजल्या. ओरडल्या नाहीत. मायच्या शेजारी जमिनीवर बसल्या, सुपातली एक बिडी उचलून बघितली. "वळण तर कसं सुरेख आहे तुमचं." मग म्हणाल्या, "दीड महिना वळू नका, जमन का? घरातून वासच जाऊ द्या."

दीड महिना घर कसं चालवायचं, हा प्रश्न होताच. मामांनी धान पाठवलं, मी दोन घरी शिकवण्या धरल्या. मायनं सूप उलटं करून भिंतीला टेकवलं. आणि तिसऱ्या दिवशी आमच्या घरात बाबांपेक्षा जास्त माय बिघडली.

डोकं धरून बसायची. हात थरथरायचे. मीठ दोनदा टाकलं म्हणून स्वतःच रडली. बाबा घाबरले, "हिले काय झालं? बिडी मी सोडली ना!" शेजारची काकू म्हणाली, नजर लागली. पुढच्या वेळी सिंधूबाईंकडे जाताना मी मायलाही ओढत नेलं, निदान बाई बीपी तपासतील म्हणून. माय बाकावर पदर डोक्यावर घेऊन बसली. बीपी ठीक निघाला.

"असं आधी कधी होत होतं का हो?" बाईंनी विचारलं.

"सणासुदीले," माय म्हणाली. "काम बंद असलं का डोस्कं चढते. पोळ्याले, दिवाळीले. सुपापाशी बसली का उतरते. मले वाटे, कामाची सवय होय."

सिंधूबाईंच्या हातात बाबांसाठी फाडलेलं पाकीट होतं. ते त्यांनी बाजूला ठेवलं. मग त्यांनी मायचे हात हातात घेतले, बोटांची टोकं पाहिली. पिवळी, चिरलेली, तंबाखूने शिजलेली बोटं. वास घेतला. लहानपणापासून दिवसभर त्या धुळीत बसलेली, त्या पानाला हात लावणारी बाई. तोंडात बिडी कधी घातली नाही, पण जर्दा चामडीतून, नाकातून आत जात होता.

"सदाशिवभाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो वरच्या पट्टीतला आवाज पहिल्यांदा खाली आला, "मी चुकली. एवढी वर्षं नर्स होती मी. एकाले टोचत बसली, आणि घरात दोघं होते."

आत गेल्या आणि स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. ती लाकडी खुर्चीला चिकटून ठेवली.

"बसा, कौतिकाबाई."

"मी? मी कायले, बाई? मी कुठं ओढतो!" मायला लाज वाटली. पुरुषाच्या बरोबरीला खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. लग्नातही ती सतरंजीवर. बाबाच म्हणाले, "बस ना वं. सुई लागत नाही. मी सांगतो ना, मी भेत नाही."

"तुम्ही आई गं म्हटलं होतं," सिंधूबाई म्हणाल्या.

पाच गेल्या, पाच गेल्या. पाच गेल्या, पाच गेल्या. वीस सुया, दोन खुर्च्या, मधे शिंगाड्यांची परात. माझी माय आमची दुखणी काढत म्हातारी झाली होती. तिच्या स्वतःच्या दुखण्यासाठी तिला कोणी खुर्चीत बसवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले. बाबांनी एक शिंगाडा सोलला, अर्धा तोडला आणि तिच्या हातावर ठेवला. सिंधूबाईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. "चल, आपण चपलेपाशी बसू."

त्यानंतर बाबांची जी बिडी सुटली ती सुटली. फार सोपं झालं असं नाही. एकदा ते बिडीसाठी रेल्वेच्या पुलापर्यंत जाऊन तसेच परत आले, घामाघूम, आणि सरळ सिंधूबाईंच्या दारात बसले. त्या दिवशी त्यांचा वार नव्हता. बाई जेवत होत्या. ताट झाकलं, हात धुतला, पाकीट फाडलं.

मायचं डोकं दहा-बारा दिवसांत उतरलं. दीड महिन्यानंतर पोटासाठी ती पुन्हा वळायला बसली, पण घरात नाही. सिंधूबाईंनी तिला शेजारणीच्या उघड्या पडवीत बसवलं, तोंडाला फडकं बांधायला लावलं, साबणाने हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असं वचन घेतलं. आणि छाट ठेकेदाराच्या दारातच उसवायची, पान मातीत. पहिल्यांदा उसवताना मायच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सोबत होते. तिने उसवली.

ऑपरेशनच्या दिवशी सिंधूबाई भंडाऱ्याला आल्या. पिशवीत पाकिटं असतील म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "इथं डॉक्टरची चालते, माही नाही." वॉर्डाबाहेरच्या बाकावर मायजवळ बसून राहिल्या. डॉक्टरांनी बाबांची छाती तपासली, खोकायला सांगितलं. बाबा एकदा खोकले आणि थांबले. डॉक्टर खूश झाले. "वा! कशाने सोडली?"

"सुईनं जी. ह्या बाईनं."

बाई बाकावरून उठून आत आल्या. नर्सने अडवलं तरी आल्या.

"खोटं नका सांगू, भाऊ. सुई तर निघाली तशी बरणीत गेली. घरी तुम्ही दोघंच गेले होते."

मी बी.ए. झाले, सेकंड क्लास आला, आता पंचायत समितीत नोकरीला आहे. पहिला पगार झाला त्या महिन्यात माय ठेकेदाराचं सूप परत करून आली. निकाल घेऊन मी आधी सिंधूबाईंकडे गेले होते. त्यांनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ, अगदी नाकाला लागेल इतकी जवळ धरून वाचली. तेव्हा मला कळलं की त्यांची नजर जात आहे. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून सुया बंद केल्या. हात थरथरत नव्हता, कोणी तक्रार केली नव्हती. "दिसत नाही तर टोचायचं नाही," एवढंच म्हणाल्या, आणि दारावर पाटी लावली. लोक तरी येत. त्या शेंगा सोलायला देत आणि परत पाठवत.

मागच्या वर्षी त्या नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. आम्ही तिघं तुमसर रोड स्टेशनवर पोचवायला गेलो. त्यांची एक जुनी लोखंडी पेटी होती, चांगली जड. बाबा वाकले आणि पेटी एकट्याने खांद्यावर घेऊ लागले. प्लॅटफॉर्मवर सगळ्यांनी वळून पाहावं असा आवाज आला.

"ठेवा खाली! जड उचलायचं नाही म्हटलं होतं ना डॉक्टरनं!"

"बाई, त्याले किती वर्षं झाली..."

"ठेवा म्हणते ना!"

बाबांनी ठेवली. मग एका बाजूची कडी त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूची मायने, आणि दोघांनी मिळून पेटी डब्यात चढवली. सिंधूबाई खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या बाकावरच्या माणसाने खिशातून बिडीचं बंडल काढलं होतं, आणि त्या त्याला सरकायला सांगत होत्या, स्वतः त्याच्याजवळ बसायला.

बाबा आता त्याच मिलमध्ये काट्यावर वजन करतात, पोती वाहत नाहीत. ऑपरेशनला पाच वर्षं झाली. टाके टिकले. माझ्या बाबांनी या पाच वर्षांत एकही बिडी ओढलेली नाही, आणि माझी माय सणाच्या दिवशी डोकं न दुखता बसते.